पाणवठ्यांवरचे कॅमेरे
अमेरिकेतील ॲरिझोना राज्याने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीच्या मदतीसाठी ट्रेल कॅमेरे, म्हणजे रानात लावून ठेवलेले आणि जनावर समोर आले की आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे, वापरण्यास बंदी घातली आणि मला हा निर्णय योग्य वाटतो. त्या कोरड्या प्रदेशात प्राण्यांना मोजक्याच पाणवठ्यांवर यावे लागते. तिथेच कॅमेरे लागले आणि त्यांतील काही थेट मोबाइलवर छायाचित्रे धाडू लागले, तर माग काढण्याचे कसब उरत नाही आणि जनावराला निसटण्याची रास्त संधीही राहत नाही. नोकरीमुळे रानात फार वेळ देऊ न शकणाऱ्या शिकाऱ्यांची अडचण खरी आहे, पण सार्वजनिक जमिनीवरील पाण्यावर कोणाचाही खाजगी पहारा असू नये. युटा आणि नेवाडा या शेजारच्या राज्यांनी वर्षातील ठरावीक महिन्यांपुरतेच निर्बंध घातले. मला मात्र ॲरिझोनाचा नियम अधिक पटतो.