२३ पानांचा रिपोर्ट आणि एक अर्धवट उघडा व्हॉल्व्ह

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये मी मेंटेनन्स बघतो. आसपासच्या फौंड्र्यांमधून कास्टिंग येतं, आम्ही ते मशीनिंग करून पुढे पाठवतो. ब्रेकडाउन स्लिपा आणि रजेचे अर्ज सोडले तर लिहिण्याशी माझा फारसा संबंध नाही. मागच्या पावसाळ्यात मात्र थोरल्या मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. "हवेचं काय करायचं ते नीट लिहून आण. नवा कॉम्प्रेसर घ्यायचा का नाही, एवढंच." हवा म्हणजे कॉम्प्रेसरमधून लाइनीने मशीनांना जाणारी दाबाची हवा.

शेडच्या पार टोकाला असलेल्या तीन व्हीएमसींवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनांवर) रोज पाच-सहा वेळा लो एअर प्रेशरचा अलार्म यायचा आणि चालू जॉबवर मशीन थांबायचं. कॉम्प्रेसरपाशी गेज ७ बार दाखवायचा, टोकाला तोच आकडा ५ च्या खाली. धाकट्या मालकांनी डीलरकडून कोटेशनही घेऊन ठेवलं होतं: ५० एचपीचा व्हीएफडी (मागणीप्रमाणे मोटरचा वेग बदलणारा) स्क्रू कॉम्प्रेसर, साडेअकरा लाख अधिक जीएसटी. मला वाटलं, निर्णय तर झालेलाच आहे, फाइलला लावायला कागद पाहिजे.

मग मी कागदच तयार केला. इंग्रजीत, कारण रिपोर्ट म्हणजे इंग्रजी अशी माझी समजूत. २३ पानं. कॉम्प्रेसरचे प्रकार, स्क्रू आणि पिस्टनमधला फरक, कॅटलॉगमधले आलेख, सगळं. शेवटी तीन पर्याय मांडले आणि लिहिलं की तिन्ही विचारात घेण्याजोगे आहेत, अंतिम निर्णय व्यवस्थापनाने घ्यावा. दोन दिवसांनी फाइल परत आली. त्या शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने मराठीत लिहिलं होतं: "मग तुला कशाला सांगितलं?"

राग आला, खोटं कशाला बोलू. पण रात्री परत वाचलं तेव्हा दिसलं की २३ पानांत आमच्या शेडमध्ये मोजलेला एकही आकडा नव्हता. मत देता येईना, कारण मत व्हायला लागतं ते माझ्याकडे नव्हतंच.

सुट्टीच्या दिवशी मी आणि आमचे फिटर मामा शेडवर गेलो. सगळी मशीनं बंद, हवेच्या लाइनी मात्र चालू. ही गळतीची साधी चाचणी आहे, बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा बचत संस्थेच्या) एनर्जी ऑडिटच्या पुस्तकात दिलेली. हवा वापरणारं कुणी नाही, तरी कॉम्प्रेसर लोड घेतो, म्हणजे हवा भरायला लागतो, कारण हवा कुठूनतरी जात असते. दाब भरला की तो अनलोडला जातो: मोटर फिरते, हवा भरत नाही. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून दहा फेऱ्या मोजल्या. सरासरी ४० सेकंद लोड, ८० सेकंद अनलोड. ४० भागिले १२०. म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या ३३ टक्के हवा फुकट जात होती.

मामांना पटेना. मग साबणाच्या पाण्याचा डबा आणि ब्रश घेऊन आम्ही लाइनीच्या कडेकडेने निघालो. एरवी मशीनच्या आवाजात काही कळत नाही, त्या दिवशी शेडभर फुसफुस ऐकू येत होती. क्विक कपलर, एफआरएलचे (मशीनपाशी हवा गाळणाऱ्या युनिटचे) बाउल, चिरलेल्या होज. ४१ ठिकाणी खडूने फुल्या मारल्या. ४२वी जागा हवा साठवणाऱ्या रिसीव्हर टाकीखालची. ड्रेन व्हॉल्व्ह पाव आटा उघडा, त्यातून हवा आणि पाण्याची बारीक धार. मामा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पावसाळ्यात पाणी लई साठतंय. दर तासाला कोण येणार सोडायला? म्हणून मीच ठेवतोय तसा."

पुढच्या आठवड्यात दिवसाचा लोड मोजला, म्हणजे कॉम्प्रेसर किती वेळ हवा भरतो ते. ९५ टक्के. आणि इथे डीलरच्या शीटची गोम सापडली. व्हीएफडीचा मुख्य फायदा हवेची मागणी कमी-जास्त होते तेव्हा, कारण अनलोडमध्ये जाणारी वीज वाचते. डीलरने बचत काढताना ६० टक्के लोड धरला होता. आमचं मशीन अनलोडला जवळजवळ जातच नव्हतं, तर वाचणार काय? शिवाय टोकाला हवा कमी पडायचं कारणही वेगळं होतं. मशीनं वाढत गेली तशी एक इंची लाइन पुढे पुढे ओढत नेलेली. नव्या कॉम्प्रेसरची हवासुद्धा त्याच एक इंचातून जाणार होती.

आता मत झालं होतं. पण ते धाकट्या मालकांच्या विरुद्ध होतं. लेखी द्यायचं, खाली आपलं नाव. मी दोन दिवस तसेच ढकलले. मग ठरवलं की मीटिंगमध्ये दाखवण्याआधी त्यांनाच दाखवायचं. त्यांनी वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "अनलोडला मशीन बंद पडतंय काय?"

चूक माझीच होती. गळती ३३ वरून १० टक्क्यांवर आणू, असं धरून मी बचत काढली होती, पण पूर्ण लोडच्या ४० किलोवॅटवर: वर्षाला ४,८०० तास आणि ९ रुपये युनिटने ४ लाख ३ हजार. अनलोडमध्येही आमचा कॉम्प्रेसर १२ किलोवॅट ओढतो. खरा फरक २८ चा. आकडा उतरून २ लाख ८२ हजारांवर आला. हेच मीटिंगमध्ये निघालं असतं तर बाकीच्या पानांवरही कुणी विश्वास ठेवला नसता.

अकौंटंट मॅडमनी आणखी एक दुरुस्ती केली. कॉम्प्रेसरच्या किमतीत मी १८ टक्के जीएसटी मिळवला होता, म्हणजे माझी बाजू आणखी भक्कम. त्या म्हणाल्या, "अहो, त्याचं क्रेडिट मिळतं आपल्याला. खर्चात नका धरू." काढून टाकला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मामांच्या वाक्यावर. आधी लिहिलं होतं, "फिटरने ड्रेन व्हॉल्व्ह उघडा ठेवल्याचे आढळले." खोटं नव्हतं. पण वाचणाऱ्याचं बोट सरळ मामांवर जाणार, आणि मामा घरी गेले म्हणून हवा थोडीच वाचणार होती. शेवटी लिहिलं: "टाकीला ऑटो ड्रेन नाही. त्यामुळे पावसाळ्यात व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवावा लागतो." हेही खरंच, आणि यातून काय विकत आणायचं तेही कळतं.

"असे निदर्शनास येते की", "विचार व्हावा", "करण्यात यावे" ही सगळी मंडळी काढून टाकली. अशा वाक्यात सांगणारा कोण तेच सापडत नाही. रिपोर्ट मराठीत, चार पानांचा झाला, मोजणीचे तक्ते मागे जोडलेले. पहिल्या पानावर विषयाच्या खाली लगेच हे:

"नवा कॉम्प्रेसर आत्ता घेऊ नये, अशी माझी शिफारस आहे. १ लाख ३५ हजार रुपये खर्चून गळती काढावी, ऑटो ड्रेन बसवावा आणि दोन इंची रिंग लाइन (शेडभर फिरून परत जोडलेली) टाकावी. हा खर्च सहा महिन्यांच्या आत वसूल होईल. त्यानंतर तीन महिने लोड मोजावा. तो ८५ टक्क्यांच्या वर राहिला तर कॉम्प्रेसरची मागणी मी स्वतः करेन."

शेवटची दोन वाक्यं धाकट्या मालकांशी बोलल्यावर घातली. त्यांची भीती अगदीच वावगी नव्हती. ऑर्डर वाढल्या तर हवा लागणारच होती, फक्त किती लागली म्हणजे घ्यायचं हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

मीटिंग २० मिनिटं चालली. थोरल्या मालकांनी पहिलं पान वाचलं, तक्ता उलटून ४०-८० चा आकडा बघितला आणि विचारलं, "काम चालू असताना लाइन बदलणार कशी?" हे मी लिहिलंच नव्हतं. दोन सुट्ट्यांत करू म्हणालो, तिथेच पेनाने लिहून घेतलं, सही झाली.

काम तीन सुट्ट्यांना गेलं. परत चाचणी घेतली तर १६ सेकंद लोड, १०४ अनलोड. गळती १३ टक्क्यांवर, मी १० म्हटलं होतं. त्या हिशेबाने बचत २ लाख ४२ हजारांच्या आसपास. एका पानावर हेही लिहून दिलं, कुणी मागितलं नव्हतं तरी. टोकाच्या व्हीएमसींचा अलार्म मात्र थांबला.

यंदा दोन मशीनं वाढायची आहेत. लोड गेल्या महिन्यात ८१ होता. परवा धाकट्या मालकांनी व्हॉट्सॲपवर नवं कोटेशन पाठवलं, खाली एकच ओळ: "मोजून सांग. पहिल्या पानावर."