शिव्या कुणाला घालायच्या?

सांगलीत राहून फुटबॉल बघणारा माणूस हा उसना प्रेक्षक. फुटबॉल कोल्हापूरचा. माझी सासुरवाडी तिथल्या मंगळवार पेठेतली, त्यामुळं मला ही लागण लग्नानंतर झाली. मेहुण्यानं पहिल्यांदा शाहू स्टेडियमवर नेलं तेव्हा ऑफसाइड कशाशी खातात हेही मला ठाऊक नव्हतं. पण पंचानं शिट्टी वाजवली की उठून ओरडायचं, एवढं दहा मिनिटांत जमलं. खरं सांगायचं तर अजून माझी प्रगती त्याच्या फार पुढं गेलेली नाही. वर्ल्ड कप आला की भडंगाची वाटी घेऊन रात्री जागतो आणि पंचावर डाफरतो. बायको आतून म्हणते, "हळू, त्याला मराठी येत नाही."

यंदा दिवाळीला भाचा पुण्याहून आला तो बॅगेत प्लास्टिकची तबकडी घेऊन. अल्टिमेट फ्रिस्बी म्हणे. आमच्या अक्काला वाटलं, नवीन ताटली आणली. मी विचारलं, "कुत्र्यापुढं फेकतात ती हीच का रे?" तो दुखावला. मग १७५ ग्रॅम वजन, सातजणांचा संघ, १९६८ साली न्यू जर्सीतल्या एका शाळेच्या पोरांनी सुरू केलेला खेळ, असं सगळं त्यानं मला ऐकवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला उठवून विश्रामबागेकडच्या मैदानावर नेलं.

पुण्या-मुंबईहून सुटीला आलेली चौदा पोरंपोरी जमली होती. मुली मुलांच्याच संघात, बरोबरीनं पळत होत्या. दोन्ही टोकांना चपला ठेवून पट्टे आखलेले. पलीकडच्या पट्ट्यात आपल्या गड्यानं तबकडी झेलली की गोल. गोलपोस्ट नाही, त्यामुळं गोलकीपरही नाही. तबकडी जमिनीला टेकली की समोरच्या संघाची.

मला चक्रावून टाकलं ते एका नियमानं. ज्याच्या हातात तबकडी, त्यानं पळायचं नाही. एक पाय रोवून उभं राहायचं आणि दहा सेकंदांत ती दुसऱ्याला द्यायची. हे दहा आकडे मोजतो कोण, तर त्याच्या पुढ्यात हात पसरून उभा असलेला प्रतिस्पर्धीच, तोंडानं, मोठ्यानं. फुटबॉलमध्ये सगळं कौतुक चेंडू पायात घेऊन चौघांना गुंगारा देणाऱ्याचं. इथं पळायचं ते रिकाम्या हातांनी.

आणि ती तबकडी! फुटबॉल लाथेसरशी जातो आणि पडतो, त्याचं पुढं काय होणार ते साधारण कळतं. तबकडी वर जाते, थोडी कलते आणि मग तिथंच थबकते, खाली यायचं विसरल्यासारखी. तिच्याखाली दोघं माना वर करून पळत असतात, कटलेल्या पतंगामागं पोरं पळतात तशी. एका मुलीनं ती झेलली तेव्हा तिचं अख्खं अंग जमिनीला समांतर होतं. गुडघ्यावरची माती झटकत उठली, केसांचा रबर तोंडात धरून वेणी पुन्हा बांधली आणि लागली पळायला. आमचे फुटबॉलवाले एवढ्यावर चार कोलांट्या खाऊन स्ट्रेचर मागवतात.

पण माझं मन लागेना. गोल पंधरापर्यंत चालणार, त्यामुळं एखादा हुकला तरी कुणी डोक्याला हात लावत नव्हतं. नव्वद मिनिटं एका गोलासाठी तिष्ठायची सवय लागलेल्या माणसाला हे फार स्वस्त वाटतं. शिवाय काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. अर्ध्या तासानं लक्षात आलं, पंचच नाही!

भाच्याला वाटलं, मी उमद्या खेळाचं कौतुक करतोय. म्हणाला, "मामा, वर्ल्ड चॅम्पियनशिपलासुद्धा निर्णय खेळाडूच घेतात." अरे, पण मग बघणाऱ्यानं करायचं काय? १९८६ साली मॅराडोनानं हातानं गोल मारला. तो फसला नाही, फसला तो पंच, आणि त्याच्या जिवावर लोक अजून भांडतात. पंच म्हणजे प्रेक्षकाच्या हक्काचं माणूस. तोच काढून घेतला तर मी काय नुसत्या टाळ्या वाजवू?

तेवढ्यात संधी आली. उंच पोराचा धक्का लागला आणि एका बुटक्याच्या हातातली तबकडी निसटली. "फाउल!" तो ओरडला. खेळ थांबला. मी उठलो, पुढं झालो. लगोरी-विटीदांडूत आमचं अर्धं बालपण "लागला-नाही लागला" यातच गेलं, तेव्हा आता कॉलर धरली जाणार याची मला खात्री होती.

"मी बघितलंय, चांगला ढकललाय त्यानं!" मी ओरडलो.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. भाचा ओशाळून म्हणाला, "मामा, तुम्ही नाही ओ ठरवायचं."

उंच पोरगं क्षणभर डोकं खाजवत उभं राहिलं. मग बुटक्याला म्हणालं, "हो रे, खांदा लागला माझा. घे, तुझीच." त्यानं तबकडी उचलून त्याच्या हातात दिली, समोर उभा राहिला आणि हात पसरून पुन्हा एकपासून मोजायला लागला.

मी चपला घालून चहाच्या गाड्यावर गेलो. तिथं बरं वाटलं. दोन रिक्षावाले आदल्या रात्रीच्या क्रिकेट मॅचमधल्या अंपायरचा उद्धार करत होते.