तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो जरा शार्प करून मिळेल का?

“मॅडम, रिपोर्ट मिळाला. काम छान आहे. फक्त ते थर्मल फोटो जरा क्लिअर करून देता येतील का?”

रिपोर्ट पाठवला की तासा-दोन तासांत हा फोन येतो. कधी मेंटेनन्स मॅनेजरचा, कधी विम्याच्या सर्व्हेयरचा. घरीही सुटका नाही. माझी भाची परवा म्हणाली, “आत्या, माझ्या फोनला पन्नास मेगापिक्सेल आहेत आणि तुझ्या एवढ्या महागड्या कॅमेऱ्याला एकसुद्धा नाही?” हिशेबाला मुलगी पक्की आहे. ३२० गुणिले २४० म्हणजे ७६,८०० ठिपके. मेगापिक्सेलचा दहावा हिस्साही भरत नाही.

इतक्या जणांनी विचारलंत, तर एकदा नीटच सांगते. शार्प करून मिळेल का? मिळेल. दोन मिनिटांचं काम आहे. पण मी ते लगेच का करत नाही, ही गोष्ट जरा लांबची आहे.

माझं काम म्हणजे नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत जायचं, विजेच्या चालू पॅनेलचं दार उघडून घ्यायचं आणि कुठला जोड जास्त तापलाय ते थर्मल कॅमेऱ्याने बघायचं. हा कॅमेरा उजेड बघतच नाही. तो साधारण ८ ते १४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहरी पकडतो, म्हणजे वस्तूच्या अंगातून येणारी उष्णता. १८०० साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात, तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं तिथे थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला. त्याच घराण्यातल्या या लहरी, तांबड्यापासून बऱ्याच लांबच्या. साधी काच त्यांना भिंतीसारखी, म्हणून लेन्स जर्मेनियमची. आणि आतल्या सेन्सरचा प्रत्येक ठिपका रंग सांगत नाही, तापमान सांगतो. तुम्हाला दिसतो तो जांभळा-केशरी फोटो म्हणजे ७६,८०० आकड्यांचा तक्ता आहे. रंग आम्ही वरून चढवलेले.

धूसरपणा कुठून येतो ते यातच आलं. दृश्य प्रकाशापेक्षा या लहरी सुमारे वीसपट लांब. लेन्स कितीही चांगली असली तरी १० मायक्रॉनची लहर एका बिंदूत मावत नाही. एफ-१ च्या, म्हणजे भरपूर रुंद तोंडाच्या, लेन्समधून एखाद्या बारीक टोकाचा सेन्सरवर जवळजवळ २४ मायक्रॉनचा गोळा पडतो, आणि माझ्या सेन्सरचा ठिपका १७ मायक्रॉनचा. म्हणजे एका ठिपक्याची उष्णता शेजारच्यांत सांडणारच. यात माझ्या हाताचा दोष नाही आणि कॅमेरा बनवणाऱ्याचाही नाही.

दुसरी तक्रार रवाळपणाची. “फोटोवर रवा भुरभुरल्यासारखा दिसतो,” असं एका फोरमनने म्हटलं होतं आणि मला ते फार आवडलं. चांगल्या कॅमेऱ्यातही प्रत्येक ठिपक्याचा आकडा ०.०५ अंशाच्या आसपास खालीवर नाचत असतो. रंगांची पट्टी २० ते ८० अंशांवर ताणली असेल तर हा नाच दिसत नाही. पण भिंतीतली ओल शोधायला पट्टी दोन अंशांत आवळली की सगळा रवा वर येतो. रवा तेवढाच असतो, आपण भिंग लावलेलं असतं.

आता माझी फजिती सांगते, कारण खरं उत्तर तिच्यात आहे.

कामाला लागून दोनेक वर्षं झाली होती. एका कारखान्याने फोटो स्पष्टच हवेत असा आग्रह धरला. मी तापमानांचा तक्ता संगणकावर काढला, एका छोट्या प्रोग्राममधून शार्प केला आणि झकास दिसतंय म्हणून कमाल तापमानाचा आकडाही त्याच फाइलमधून उचलून रिपोर्टात टाकला. पॅनेलमध्ये विजेच्या तीन फेज येतात, आर, वाय आणि बी. आर फेजचा जोड ७१ अंश, वाय आणि बी ६२ च्या आसपास. लोड तिघांवर सारखा. सारख्या लोडवरच्या दोन जोडांत चार अंशांच्या वर फरक दिसला की बिघाडाची शक्यता धरायची, हा आमच्या कामातला ठोकताळा. इथे तर नऊचा फरक. मी ठामपणे लिहिलं: आर फेज, लूज कॉन्टॅक्ट, दुरुस्ती करावी.

रविवारी अर्ध्या दिवसाचं शटडाऊन घेतलं त्यांनी. इलेक्ट्रिशियनने टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेला ताण आला की वाजणारा पाना, लावला, कट्ट वाजलं. बोल्ट हललाही नाही. जोड उघडला तर आत तांबं चकचकीत, कुठे काळं पडल्याची खूण नाही. तो माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, “मॅडम, हा तर घट्ट आहे.” बाकीचे काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

घरी येऊन मी मूळ तक्ता आणि शार्प केलेला तक्ता शेजारी ठेवले. जोडाच्या कडेवरची एक ओळ मूळ तक्त्यात अशी होती:

४१, ४१, ४४, ५९, ६२, ६२

डावीकडे पॅनेलचा पत्रा, उजवीकडे जोड. मधला ४४ आणि ५९ हा तो सांडलेला धूसरपणा. शार्प करणारा प्रोग्राम करतो काय, तर ठिपक्याच्या आकड्याची पाचपट करतो आणि वर-खाली-डावी-उजवीकडचे चार शेजारी त्यातून वजा करतो. सरळ उभ्या कडेवर वरचा आणि खालचा शेजारी ठिपक्याइतकाच असतो, म्हणजे हिशेब उरतो तिप्पट वजा दोन शेजारी. ५९ च्या जागी १७७ वजा ४४ वजा ६२, म्हणजे ७१. सगळी ओळ झाली:

४१, ३८, ३२, ७१, ६५, ६२

जोडाच्या कडेला ७१ उगवला आणि पत्र्याच्या बाजूला ३२. मे महिना, नाशिक, चालू पॅनेल आणि पत्र्याचं तापमान ३२ अंश! हा आकडा आधी बघितला असता तर रविवार वाचला असता. वाय आणि बीच्या मागे त्यांच्याच तापमानाच्या केबली होत्या, तिथे मोठी कड नव्हती म्हणून आकडे फुगले नाहीत. आर फेज बिचारा पत्र्याशेजारी होता, एवढाच त्याचा गुन्हा.

डोळ्याला मात्र हीच फसवणूक आवडते. कडेच्या आत थोडं उजळ, बाहेर थोडं गडद केलं की आपल्याला कड धारदार वाटते. फोटोत ते चालतं, तिथे उजळ म्हणजे फक्त उजळ. माझ्या फोटोत उजळ म्हणजे गरम. शिवाय या हिशेबात रवाही फुगतो. पाचाचा वर्ग आणि चार वेळा एकाचा वर्ग, बेरीज २९, त्याचं वर्गमूळ सुमारे ५.४. म्हणजे ०.०५ चा नाच ०.२७ वर जातो. म्हणून आधी रवा चाळायचा आणि मगच धार लावायची, उलटं केलं की सगळा रवाच धारदार होतो.

चाळण्याचेही धोके आहेत. एका ठिपक्याभोवतीचे नऊ आकडे घ्या: पाच ठिकाणी ३८, तीन ठिकाणी ३९ आणि मध्ये ८०. नवांची सरासरी काढली तर ४३. मधला आकडा, म्हणजे मीडियन, काढला तर ३८. ८० कुठे गेला? सरासरीने त्याला पातळ केलं, मीडियनने गिळलाच. तो ८० म्हणजे सेन्सरचा मेलेला ठिपका असेल तर उत्तम झालं. पण सैल स्क्रू असेल तर? इथे मी एक जुनी युक्ती करते: कॅमेरा इंचभर सरकवते. ८० स्क्रूबरोबर पडद्यावर सरकला तर खरा, पडद्यावर त्याच जागी चिकटून राहिला तर सेन्सरचा. आणखी एक खूण आहे. खरी गरम जागा एकटी येत नाही, लेन्सच्या सांडण्यामुळे शेजारच्या ठिपक्यांना थोडी ऊब देऊनच येते. चारी बाजूंनी थंड असलेल्या एकट्या ८० वर माझा विश्वास बसत नाही.

सगळ्यात सज्जन चाळणी म्हणजे एकाच जागेच्या अनेक फ्रेम घेऊन त्यांची सरासरी काढणं. १६ फ्रेम घेतल्या की नाच चौथ्या हिश्शावर येतो आणि कडांना धक्का लागत नाही. अट एकच: कॅमेरा तिवईवर, आणि समोरचं तापमान तेवढ्यात बदलत नसलं पाहिजे. पण ठिपक्याठिपक्यातल्या मुळातल्या फरकामुळे फोटोत दिसणाऱ्या सेन्सरच्या उभ्या रेघा यानेही जात नाहीत, कारण त्या प्रत्येक फ्रेममध्ये तिथेच असतात. त्यांच्यासाठी कॅमेऱ्याच्या आत एक छोटी झडप मधूनमधून ‘टिक्’ करून पडते, सेन्सर क्षणभर एकसारख्या पृष्ठभागाकडे बघतो आणि कॅमेरा तो फरक काढून टाकतो. लोकांना वाटतं मी फोटो काढला. नाही हो, कॅमेऱ्याने डोळा मिचकावला.

एकच फ्रेम हाताशी असेल तर मी बायलॅटरल फिल्टर वापरते. कार्लो तोमासी आणि रॉबर्टो मांडुची यांनी १९९८ साली मांडलेली ही पद्धत मला माणसांसारखी वाटते: शेजाऱ्यांचं ऐकायचं, पण मुख्यतः आपल्यासारखंच तापमान असलेल्या शेजाऱ्यांचं. ६२ चा ठिपका ६१.९ चं मत घेतो, पलीकडच्या ४१ ला फारसं जुमानत नाही. रवा बसतो, कड राहते. प्रमाण चुकलं तर मात्र पॅनेल मेणाचं केल्यासारखं दिसतं.

आणि दिसणारी प्रत्येक कड उष्णतेची असते असंही नाही. घासलेल्या तांब्याच्या बसबारवर, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या पट्टीवर, काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा. दोघांचं तापमान एकच. तरी फोटोत टेप गरम आणि बसबार थंड, मध्ये सुरीने कापल्यासारखी कड. चकचकीत तांबं स्वतःची उष्णता फार कमी सोडतं आणि समोरची परत फेकतं. कितीदा बसबारवरचा गरम डाग निरखताना मी बाजूला सरकले आणि डागही सरकला. तो माझाच चेहरा होता. अशी कड शार्प करून काय मिळणार?

आता कुणी शार्प फोटो मागितला की मी धार कुठून आणायची ते सांगते. २४ अंशांच्या कोनात बघणाऱ्या लेन्सने तीन मीटरवरून माझा एक ठिपका जवळजवळ ४ मिलिमीटरची जागा बघतो, एक मीटरवरून १.३. मोजायच्या वस्तूवर निदान तीन-तीन ठिपके बसायला हवेत. म्हणजे सुरक्षित अंतर न मोडता जेवढं पुढे जाता येईल तेवढं जायचं, नाहीतर लांबची लेन्स लावायची, आणि फोकस करायचा. पट्टी आणि रंग नंतर बदलता येतात, चुकलेला फोकस नाही. सकाळी घाईघाईत हलवून काढलेला फोटो संध्याकाळी संगणकावर दुरुस्त करू म्हणणारे शिकाऊ मी बरेच पाहिले. मीही तशीच होते.

कडा हव्याच असतील तर आणखी एक प्रामाणिक मार्ग आहे. बऱ्याच थर्मल कॅमेऱ्यांत शेजारी साधा कॅमेराही असतो. त्याच्या फोटोतल्या रेषा, स्क्रूची खाच, वायरचा नंबर, थर्मल फोटोवर कोरायच्या. आकड्यांना हात लागत नाही, पण कुठला जोड ते कळतं.

सध्या माझ्या रिपोर्टात प्रत्येक जोडाचे दोन फोटो असतात. पहिला जसा आला तसा, सगळे आकडे त्यावरून. दुसरा चाळलेला, धार लावलेला, कडा कोरलेला, आणि त्याच्याखाली ठळक ओळ: ‘या चित्रावरून तापमान वाचू नये.’ गेल्या आठवड्यात असाच एक रिपोर्ट पाठवला. तासाभराने फोन आला.

“मॅडम, दुसरा फोटो एक नंबर. पहिला जरा धूसर आलाय, तो काढून टाकला तर चालेल ना?”