नॅप्थॅलीनचा द्रवणांक: ८०.२६ हा आकडा नेमका कशाचा?

नॅप्थॅलीनचा (डांबरगोळ्यांत वापरल्या जाणाऱ्या पांढऱ्या पदार्थाचा) द्रवणांक शोधायला गेलं की एका तक्त्यात ८०.२६ अंश सेल्सिअस सापडतो, दुसऱ्यात ८०.२ आणि बाटलीच्या लेबलवर '७९ ते ८२'. तिन्ही बरोबर आहेत, फक्त मापं वेगळी आहेत. ८०.२६ हे अतिशुद्ध नॅप्थॅलीनचा घन आणि द्रव समतोलात असतानाचं तापमान. लेबलवर असतो तो कॅपिलरीत, म्हणजे केसासारख्या बारीक काचेच्या नळीत, दिसणारा वितळण्याचा पल्ला. आणि कोल टारच्या (दगडी कोळशापासून मिळणाऱ्या डांबराच्या) धंद्यात मालाचा दर्जा ज्या आकड्यावर ठरतो, तो बहुतेक वेळा द्रवणांक नसून गोठणांक, म्हणजे वितळलेला माल थंड होताना गोठतो ते तापमान, असतो. या तिघांची अदलाबदल झाली की चांगला माल नापास होतो किंवा वाईट माल पास होतो. दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण ती उशिरा कळते.

गोठणांकाला इतकं वजन का, ते साध्या गणितात आहे. नॅप्थॅलीनची वितळण्याची उष्णता मोलमागे सुमारे १९ किलोज्यूल. त्यावरून हिशेब केला तर १ मोल टक्का भेसळीमागे गोठणांक साधारण ०.५४ अंशाने उतरतो. म्हणजे गोठणांक ७८.० आला तर शुद्धता ९६ टक्क्यांच्या आसपास, ७९.६ आला तर ९८.८ च्या आसपास. थर्मामीटर ०.१ अंशापर्यंत नीट वाचता आला तर शुद्धतेतला ०.२ टक्क्यांचा फरक कळतो. एका परीक्षानळीत होणारं हे फारच स्वस्त काम आहे. फक्त हा हिशेब एका अटीवर चालतो: भेसळ द्रवात विरघळली पाहिजे, पण स्फटिकात शिरता कामा नये. या अटीकडे पुन्हा यावं लागेल.

मोजायची पद्धत अशी. १५ ते २० ग्रॅम नमुना २५ मिलिमीटर रुंदीच्या परीक्षानळीत घालून गरम पाण्यात ९० अंशांपर्यंत वितळवायचा. ही नळी दुसऱ्या मोठ्या नळीत बसवायची, म्हणजे मधे हवेचा थर राहतो आणि थंड होण्याचा वेग आवरतो. बाहेरचं पाणी अपेक्षित गोठणांकाच्या साधारण १० अंश खाली ठेवायचं. ०.१ अंशाच्या रेघांचा थर्मामीटर, तारेची वळी करून केलेली ढवळणी, आणि दर १५ सेकंदांनी नोंद. तापमान उतरत जातं, गोठणांकाच्याही खाली जातं, मग पहिले स्फटिक दिसताच उसळी मारून वर येतं आणि थांबतं. थांबतं तो गोठणांक. सर्वांत खालचा आकडा लिहून मोकळे होणारे लोक कमी नाहीत. तो आकडा नमुन्याबद्दल काहीच सांगत नाही.

अतिशीतन, म्हणजे न गोठता गोठणांकाच्या खाली जाणं, एखाद्या अंशाचं असेल तर चिंता नाही. दर अंशामागे द्रवाचा जेमतेम १ टक्का भाग एकदम गोठतो, त्यामुळे उरलेल्या द्रवातली भेसळ फारशी दाट होत नाही. पण ते तीन-चार अंशांवर गेलं, किंवा बाहेरचं पाणी फार थंड असलं, तर तापमान सपाट थांबतच नाही, उतार दिसतो आणि आकडा खाली सरकतो. उपाय सोपा: गोठणांकाच्या जवळ आल्यावर त्याच नमुन्याचा एक बारीक स्फटिक बीज म्हणून टाकायचा. शुद्ध मालात सपाट भाग लांब राहतो, अशुद्ध मालात तो लवकर कलतो. त्या उताराकडे पाहूनच पुष्कळ काही समजतं.

पाण्याकडे मात्र हमखास दुर्लक्ष होतं. ओला माल वितळवला की नॅप्थॅलीनमध्ये थोडं पाणी विरघळतं आणि गोठणांक खाली येतो. मग माल अशुद्ध ठरतो, प्रत्यक्षात तो फक्त दमट असतो. सुकवायला सवयीने निर्जल सोडियम सल्फेट टाकलं जातं, पण त्याचं स्फटिकजल ३२ अंशांच्या वर टिकत नाही, त्यामुळे ८५ अंशांच्या द्रवात त्याचा उपयोग शून्य. निर्जल कॅल्शियम सल्फेट वापरावं. ओव्हनमध्ये सुकवणं हा मार्ग तर नाहीच: नॅप्थॅलीन संप्लवनशील आहे, म्हणजे न वितळता थेट वाफ होतं, त्यामुळे पाण्याबरोबर नमुनाही उडून जातो आणि ओव्हनच्या छताला पांढरे पापुद्रे लागतात. शिवाय नॅप्थॅलीनचा ज्वलनबिंदू (ज्या तापमानाला त्याची वाफ ज्योतीने पेट घेऊ शकते तो) ८० अंशांच्या आसपासच आहे. वितळलेलं नॅप्थॅलीन आणि उघडी ज्योत एका टेबलावर नको. गरम पाणी किंवा बंद हीटर पुरतो, आणि वाफ जाण्यासाठी फ्यूम हूड (वाफ बाहेर ओढणारं कपाट) हवा.

कॅपिलरीत मोजायचं असेल तर भुकटी २ ते ३ मिलिमीटर उंचीपर्यंत घट्ट ठोकून भरायची. ७० अंशांपर्यंत वेगाने तापवलं तरी चालतं, त्यापुढे मिनिटाला १ अंश. ब्लॉकच्या यंत्रात (धातूच्या तापत्या ठोकळ्यात कॅपिलरी बसवतात त्यात) यापेक्षा घाई केली की ब्लॉक पुढे पळतो, नमुना मागे राहतो आणि आकडा सहज अंशभर जास्त येतो. नॅप्थॅलीनसाठी कॅपिलरीचं वरचं टोकही वितळवून बंद करावं. नाहीतर वितळायच्या आधीच भुकटीतला काही भाग उडून वरच्या थंड काचेवर बसतो. भुकटी आक्रसून काचेपासून सुटते, ते वितळणं नव्हे. पहिला थेंब दिसला ती सुरुवात, शेवटचा स्फटिक नाहीसा झाला तो शेवट. दोन्ही आकडे लिहायचे. ७९.८ ते ८०.३ आणि ७६ ते ८०.३ यांचा शेवट एकच असला तरी माल एक नाही.

तेलाच्या थीले नळीत (द्रवणांक मोजायच्या बाजूला वळण असलेल्या काचेच्या नळीत) पाऱ्याचा थर्मामीटर वापरणाऱ्यांनी दांडीची दुरुस्ती विसरू नये: तेलाबाहेरचा पारा थंड राहतो, म्हणून वाचन कमी येतं आणि ही दुरुस्ती त्यात मिळवायची. सूत्र असं: ०.०००१६ गुणिले तेलाबाहेर राहिलेल्या पाऱ्याची लांबी अंशांत, गुणिले वाचन आणि बाहेरच्या दांडीचं तापमान यांतला फरक. समजा ६० अंशांइतका पारा बाहेर आहे, वाचन ८० आणि दांडी ३० अंशांवर. दुरुस्ती येते ०.४८ अंश. म्हणजे नुसत्या थर्मामीटरच्या दांडीपायी जवळजवळ १ टक्का भेसळीइतकी चूक! हवेच्या दाबाची मात्र इथे काळजी नको. एका वातावरणाने दाब वाढला तरी द्रवणांक ०.०३ ते ०.०४ अंशच सरकतो. उत्कलनांकाची सवय असलेल्यांना हे पटायला वेळ लागतो.

आता ती अट, भेसळ स्फटिकात न शिरण्याची. कोल टारच्या नॅप्थॅलीनमधली सर्वांत चिवट भेसळ म्हणजे बेंझोथायोफीन. त्याचा उत्कलनांक सुमारे २२१ अंश, नॅप्थॅलीनचा २१८, म्हणून ऊर्ध्वपातनाने ते नीट सुटत नाही. रेणूचा आकारही इतका जवळचा की ते नॅप्थॅलीनच्या स्फटिकात जागा पटकावतं. त्यामुळे गोठणांक ०.५४ च्या हिशेबापेक्षा कमी उतरतो आणि माल खरा आहे त्यापेक्षा शुद्ध भासतो. बीटा-नॅप्थॉल तर त्याहून वरचढ: तेही स्फटिकात मिसळतं आणि त्याचा स्वतःचा द्रवणांक १२२ अंशांजवळ असल्याने मिश्रणाचा द्रवणांक चक्क वाढतो. ८०.२६ च्या वर आकडा दिसला तर आनंदी होण्याऐवजी आधी थर्मामीटर आणि मग नमुना तपासावा.

म्हणून कोल टारच्या मालाला गोठणांकासोबत गंधकाचीही तपासणी लागते. बेंझोथायोफीनमध्ये गंधक सुमारे २४ टक्के असतं, म्हणून मालात ०.५ टक्के गंधक सापडलं आणि ते सगळं याच संयुगाचं धरलं, तर बेंझोथायोफीन २ टक्क्यांच्या थोडं वर. माल निकेल उत्प्रेरकावर हायड्रोजनीकरणाला जायचा असेल तर एवढं गंधक उत्प्रेरकाला पुरतं विष आहे. डीएससीच्या (नमुना तापवताना तो किती उष्णता घेतो ते मोजणाऱ्या यंत्राच्या) वक्रावरून शुद्धता काढणाऱ्यांनाही हीच अडचण येते, कारण त्यामागचं गणितही स्फटिकात न शिरणाऱ्या भेसळीचंच आहे. डीएससीत पॅन (नमुन्याची छोटी वाटी) हवाबंद हवा, आणि द्रवणांक म्हणून शिखर न घेता वक्राचा आरंभबिंदू घ्यावा.

राहिली डांबरगोळी. नावात डांबर असलं तरी ती नॅप्थॅलीनचीच असेल असं नाही. पॅरा-डायक्लोरोबेंझीनच्याही गोळ्या मिळतात, आणि त्यांचा द्रवणांक ५३ अंश. ६० अंशांच्या पाण्यात बंद नळीत तुकडा धरला की पॅरा-डायक्लोरोबेंझीन वितळतं, नॅप्थॅलीन तसंच राहतं. नळीही नको असेल तर मिठाचं संपृक्त पाणी पुरतं: त्यात नॅप्थॅलीन तरंगतं, पॅरा-डायक्लोरोबेंझीन बुडतं.