निरीक्षणाची कोरी वही

पूर्व-प्राथमिकच्या वर्गनिरीक्षणाला त्या दिवशी मी नेहमीचा तक्ता मुद्दाम कार्यालयातच ठेवून गेले. वर्गनियंत्रण, साहित्याचा वापर, मुलांचा प्रतिसाद अशा रकान्यांपुढे शेरे मारण्याचा तो तक्ता ज्यांनी तयार केला, त्यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांत तासभर बसून पाहिले असेल असे मला वाटत नाही. मी कोरी वही आणि सेकंदकाट्याचे घड्याळ घेऊन मुलांशेजारी सतरंजीवर बसले आणि शिक्षिकेचा प्रत्येक प्रश्न व त्यावरचे उत्तर जसेच्या तसे उतरवू लागले.

पाण्याच्या टबात काय तरंगते आणि काय बुडते, हा खेळ चालला होता. "हा खडा का बुडाला?" असे शिक्षिकेने विचारले. एक मुलगी खड्याकडे टक लावून पाहत काही बोलणार, तोच "जड आहे म्हणून, हो ना?" असे त्यांनीच सांगून टाकले आणि सगळा वर्ग एका सुरात "हो" म्हणाला. थोड्या वेळाने त्याच मुलीने लाकडाचा मोठा ठोकळा दोन्ही हातांनी पाण्यात सोडला आणि ती स्वतःशीच पुटपुटली, "हा तर खड्याहून जड आहे." ते माझ्याशिवाय कोणी ऐकले नाही. बारापैकी नऊ प्रश्नांची उत्तरे शिक्षिकेनेच दिली होती.

प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरे लांबतात, हे अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले. प्रशिक्षणात ते मी अनेकदा सांगितले आहे. सांगून काहीच बदलले नव्हते.

शाळा सुटल्यावर एक शब्दही न बोलता मी वही त्यांच्यापुढे ठेवली. दोनदा वाचून त्या म्हणाल्या, "मी त्यांना बोलूच देत नाही, मॅडम." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण तुम्ही बसलेल्या असताना मुले गप्प राहिली, तर मला शिकवता येत नाही असे दिसेल, अशी भीती वाटते."

त्यांच्या फायलीत माझ्या सहीचे तीन वर्षांचे शेरे आहेत: 'प्रतिसाद तत्पर, वर्गनियंत्रण उत्तम.' ती घाई मीच वाखाणत आले होते, हे मनातून जात नाही.

आता आठवड्यातून एकदा त्यांचा वर्ग मी घेते, म्हणजे त्यांना सहकारी शिक्षिकेच्या वर्गात बसता येते. वेळापत्रकात त्यांना एकही मोकळी तासिका नव्हती. पुढच्या निरीक्षणात काय टिपू, असे मी त्यांनाच विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझे काही लिहू नका. फक्त त्या मुलीचे बोलणे लिहा."