वडील हयात आहेत का?

शिष्यवृत्तीच्या अर्जात पोरं सगळ्यात जास्त कुठं अडकतात? लोकांना वाटतं, जातीच्या दाखल्यावर. तो एकदा काढला की काढला. खरा घोळ आई-वडिलांच्या पानावर. उत्पन्नाच्या दाखल्यावर रामचंद्र, मार्कशीटवर रामा. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपलेली. शिवाय तलाठ्याच्या अहवालात आमच्या तालुक्यातल्या निम्म्या घरांचं वर्षाचं उत्पन्न अठ्ठेचाळीस हजार, ना एक रुपया कमी ना जास्त. बुलेटवरून आलेल्या पोराचंही.

हे अर्ज तपासून वर पाठवायचं काम माझं. शेवटच्या आठवड्यात माझ्या लॉगिनला तीनेकशे अर्ज पडलेले असतात. म्हणून मी शेरे नोटपॅडात लिहूनच ठेवलेत. कॉपी, पेस्ट, अर्ज परत. तिसरी ओळ अशी: ‘वडिलांचा मृत्यू दाखला जोडावा.’

त्या दिवशी ही ओळ कितव्यांदा चिकटवली ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सेकंड इयरची एक मुलगी आईला घेऊन दारात उभी. बाईच्या कपाळावर कुंकू, गळ्यात काळी पोत. हातात माझ्या शेऱ्याची प्रिंट.

“सायेब, माझं मालक मेल्यात म्हणून कुणी लिवलं?”

लिहिलं होतं नेटकॅफेवाल्यानं. ‘वडील हयात आहेत का?’ याला पोर्टलवर दोनच उत्तरं, होय आणि नाही. मुलगी म्हणाली होती, “ते नाहीत आमच्याकडं.” त्यानं ‘नाही’ दाबलं. मागे रांग असते, त्याचाही फार दोष नाही. पण मुलीनं सबमिट करताना वाचलं नाही, आणि मीही दाखल्याच्या पलीकडे पाहिलं नाही.

माणूस २०१५ साली घर सोडून गेला. चाकणला टेम्पो चालवतो, तिकडं दुसरा संसार आहे, असं कुणीकुणी सांगतं. घटस्फोट नाही, पोटगी नाही. बाई शिलाई करते, हंगामात द्राक्षाच्या बागेत जाते. उत्पन्नाचा दाखला तिच्याच नावचा.

आता बघा. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेत विधवा, घटस्फोटित यांच्या जोडीला ‘परित्यक्ता’ हा शब्द चक्क छापलेला आहे. म्हणजे बाईला जागा आहे, तिच्या मुलीच्या अर्जात मात्र नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी येणार. ती पोरं माझ्या टेबलाशी येतील तेव्हा मी कधीच रिटायर झालेलो असेन.

आमचे वरचे म्हणाले, “तुमचं काय जातंय? पाठवा परत.” त्यांचं हे वाक्यही नोटपॅडात ठेवण्यासारखं आहे.

अर्ज मुलीच्या लॉगिनला परत गेलाच होता. माझ्यासमोर बसवून तिला ‘होय’ करायला लावलं. वडिलांचं नाव भरलं. व्यवसायाच्या यादीत खाली खाली जात ‘इतर’वर थांबलो. मग म्हटलं, एक स्वयंघोषणापत्र लिही, जोडून टाकू. ती अर्ध्या ओळीवर अडली.

“सर, ‘सोडून गेले’ लिहू का ‘राहत नाहीत’?”

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, “ऱ्हात न्हाईत, लिव.”

मी अर्ज मंजूर करून वर पाठवला. पण डोक्यातून गेला नाही. मर्यादा आहे कुटुंबाच्या उत्पन्नाची, आठ लाखांची. टेम्पोवाल्याची कमाई धरली तरी त्याच्या आसपासही जायची नाही, हे मलाही कळतं. पण ती धरलेली नाही हे माहीत असून मी मंजूर केलं. उद्या ऑडिटवाल्यानं बोट ठेवलं तर माझ्याकडे त्या मुलीच्या अक्षरातल्या तीन ओळींशिवाय काही नाही. आणि धरावी तर कुणाची म्हणून? नऊ-दहा वर्षांत ज्यानं वहीचा खर्च दिला नाही, त्याचा पगार मुलीच्या आड यावा?

जाताना बाईनं विचारलं, “फुडल्या वर्षी परत इचारत्याल का?”

म्हटलं, “हो ताई, दरवर्षी.”

नोटपॅडातली तिसरी ओळ मी काढलेली नाही. फक्त चिकटवण्याआधी आता पोराला फोन लावतो. काल एकानं उचलला.

“वडील? हायत की सर. हितंच बसल्यात. देऊ का?”