हात शाडूत, मोबाईल चालू

ऑगस्ट २०२४. गणपतीच्या डोळ्यांच्या आखणीला अजून वेळ आहे, सध्या नुसतं मातीकाम. दोन्ही हात मनगटापर्यंत शाडूत आणि मोबाईल रंगाच्या डब्याला टेकवलेला. रील पुढं सरकवायची ती करंगळीनं. करंगळीही माखली, की समोर जे लागलंय तेच परत परत फिरत राहतं.

१ ऑगस्टला दुपारी आपल्या राधानगरीतल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ मारलं. १९५२ च्या पैलवान खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक पदक, ७२ वर्षांनी! शेडमध्ये शिट्ट्या, मोबाईलवर हलगी आणि गुलाल. मग तो एक हात खिशात घालून नेम धरणारा तुर्कस्तानचा युसुफ डिकेच. खाली कुणीतरी लिहिलेलं, 'लाइट बिलाच्या रांगेत आमचे आण्णा'. खरंच, आमचे आण्णा अगदी तसेच उभे राहतात. हसलो.

त्याच्या पाठोपाठ केरळातलं वायनाड. ३० जुलैच्या पहाटे दरड कोसळली ते चूरलमला. गावातून चिखल वाहून गेलेला, घराएवढे दगड, आणि त्याला लावलेलं पावसाचं एक प्रेमगीत. करंगळी माखलेली, त्यामुळं ते फिरत राहिलं. पहिल्यांदा नुसता चिखल दिसला. तिसऱ्यांदा एका अर्ध्या उरलेल्या घराच्या दोरीवर वाळत घातलेला शाळेचा शर्ट दिसला. सातव्यांदा लक्षात आलं, मी ते गाणं गुणगुणतोय.

हात धुवायला उठलो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा कोल्हापुरातल्या आमच्या बापट कॅम्पात शिरली. गणपती २ सप्टेंबरला. मांडणीवरच्या शाडूच्या मूर्ती आधी पायाकडनं विरघळल्या, मग जागच्या जागी बसल्या. आम्ही शाळेत मुक्कामाला. तिथं इचलकरंजीच्या आत्तेभावानं व्हिडिओ पाठवला, "तुमचंच शेड न्हवं हे?" आमचंच. नावेतनं जाताना कुणीतरी काढलेला, वर विसर्जनाचं गाणं चढवलेलं आणि खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली पिवळी तोंडं. आण्णांनी पुरता बघितला, मोबाईल परत दिला आणि म्हणाले, "आवाज कमी कर, माणसं झोपल्यात."

आता खरं सांगायचं, तर त्याच रात्री चार्जिंगच्या रांगेत नंबर लावून मी कॉमेडी व्हिडिओ बघत होतो. बारा टक्के बॅटरी त्यातच घालवली. त्यामुळं दुःखाशेजारी हसणं नको, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? आमच्या गल्लीत एका दारात मयत आणि चार घरं सोडून वरात, असंही झालंय. बँडवाले त्या दारापासून कोपऱ्यापर्यंत नुसते चालत गेले, ताशा काखेत धरून. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. आणि इथं कुणीतरी बसून, गाणं निवडून, चिखलावर चढवलंय.

दुसऱ्या दिवशी चूरलमलाच्या पुलाचा व्हिडिओ आला. लष्कराच्या मद्रास सॅपर्सनी लोखंडी सांगाडे जोडून उभारलेला १९० फुटी बेली ब्रिज, आणि त्यावर उभ्या मेजर सीता शेळके. यालाही गाणं होतंच, ढोलबिल लावून. आण्णा पाठीमागनं वाकून बघत होते.

"ही बाई आपल्या पारनेरची न्हवं?"

"व्हय."

"आवाज बंद कर आणि परत लाव."

हात माखलेलेच होते. लावायची गरज पडली नाही, आपोआप फिरत होता. आवाज तेवढा कोपरानं बंद केला.